प्रश्न क्रमांक चौदा

दिवाळे कोळीवाड्यात माझी सदतीस घरं झाली.
प्रत्येक घरी शेवटी तोच प्रश्न, क्रमांक चौदा:
'ही बातमी आपल्याला प्रथम कोणाकडून मिळाली?'
खाली सहा चौकोन.
शेजारी, नातेवाईक, मोबाइलवरचा ग्रुप,
नाक्यावरचा फळा, वर्तमानपत्र, इतर.

बातमी मीच निवडली होती, गेल्या महिन्यातली:
हसुराम कोळ्यांच्या होडीचं इंजिन
खाडीच्या तोंडाशी बंद पडलं, त्या रात्रीची.
कोणी बुडलं नाही. पहाटे दोन होड्यांनी ओढून आणलं.
पण साडेदहालाच अख्खा कोळीवाडा ओट्यांवर बसून होता
आणि टॉवर त्या रात्री मेलेला होता,
कंपनीच्या नोंदी मी दोनदा तपासल्यात.

मग कोणाकडून?

चांगुणाबाई जवळा निवडता निवडता म्हणाल्या, 'मना कललां.'
कोणाकडून?
'कोनाकरशी कसां गो? कललां.'
पद्माकर म्हणाला, कळलं.
त्याची बायको आतून, कळलं की.
जेटीवर जाळं शिवणारे दोघे एकमेकांकडे बघून हसले,
तिसऱ्याने मान हलवली,
तेही मी उत्तर धरलं.

संगणकात माणूस म्हणजे ठिपका,
सांगणं म्हणजे बाण.
बाणाला शेपूट लागतं, कुठून तरी सुटावं लागतं.
माझ्या पडद्यावर सदतीस ठिपके
पाखडताना सुपाबाहेर उडालेल्या कण्यांसारखे,
रेघ एकही नाही.
शेणोलीकर सरांनी समासात लिहिलं: विदा सदोष. पुन्हा विचारा.

पुन्हा काय विचारू, सर?
आपल्याकडे मी सांगते, मी ऐकते, मी विचारते,
पण मी कळत नाही. मला कळतं.
भूक लागते तसं. ताप भरतो तसं.
क्रियापद आपलं आपण येतं, माझ्यापाशी बसतं,
त्याला कोणी पाठवलं हे विचारायची सोय
व्याकरणानेच ठेवलेली नाही.

दुसऱ्या फेरीत मी प्रश्नावली पिशवीतच ठेवली
आणि बर्फवाल्या अन्सारच्या हातगाडीशी बसून राहिले.
तिसऱ्या दिवशी तो आपणहून बोलला.
रोज नऊच्या सुमाराला हसुरामचा पोरगा दोन लाद्या न्यायचा.
त्या रात्री आला नाही.
लाद्या सुटायला लागल्या, म्हणून याने वर गोणपाट टाकलं.
गोणपाट तुकीबाईंनी ओट्यावरून पाहिलं,
त्या रोजच्यासारख्या झोपायला आत गेल्या नाहीत.
समोरच्या घरात कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

बस्स, एवढंच.
तोंडातून शब्द असा कोणाच्याच निघाला नव्हता.
न आलेल्या मुलाला, न उचललेल्या बर्फाला
मी कुठल्या चौकोनात टाकू?
'इतर'पुढे जागा आहे दहा अक्षरांची.

आज सकाळी पत्र आलं: निधी संपला, प्रकल्प आवरता घ्या.
मी कोणाशी बोलले नाही.
फक्त टपरीवरची चहाची उधारी दिली,
एकशे दहा रुपये, सुटे, मोजून,
आणि नंतर वही उघडली नाही.

चार वाजता चांगुणाबाई आल्या.
वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील माझ्या मांडीवर ठेवले
(चौकोन पाचवा; एकदाचा भरला)
आणि म्हणाल्या, 'चालली ना गो तू?'
कोणी सांगितलं, हे माझ्या जिभेवर आलं होतं.
तोंड उघडलं आणि मिटलं.

आता एनएमएमटीच्या बसमध्ये
लॅपटॉपच्या बॅगेत लॅपटॉपशेजारी बोंबील.
तिसरा थांबा यायच्या आधीच शेजारच्या बाईने
माझ्याकडे न बघता खिडकी सरकवली,
आणि मागच्या सीटवरचा म्हातारा
झोपेतच खुशीत हुंकारला.

त्यांनाही कळलं.